गंज काढल्याबद्दल

कार्ल्सरूहे
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. अप्पांना
जावई हृषिकेशचा वाकून नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. ज्ञानदा म्हणाली, "अप्पा कागदावरचं वाचतात, आणि वाचलेला कागद टाकतही नाहीत. पत्र लिही." तुमच्या मुलीशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही, म्हणून लिहितोय. दहावीनंतर हाताने इतकं मराठी पहिल्यांदाच लिहितो आहे. अक्षराला हसू नका.

तिकीट सहा आठवडे आधीचं करून तुम्ही निघून गेलात. फ्रँकफर्टच्या विमानतळावर आमच्या तनयाच्या डोक्यावरून हात फिरवलात, ज्ञानदाला "जप" म्हणालात आणि मला नुसती मान हलवलीत. माझा आवाज चढला होता, मान्य. पण त्या दिवशी नेमकं काय झालं हे तुम्हाला कळलेलं नाही असं मला वाटतं. तेव्हा एकदा शांतपणे सांगतो.

ती तलवार माझी नव्हती. ती डॉ. लिंडनरची. ते इथे डुर्लाखला राहायचे, दातांचे डॉक्टर, आणि जुन्या जपानी तलवारींतले माझे गुरू. गेल्या फेब्रुवारीत गेले. सहा वर्षं मी महिन्यातून एका शनिवारी त्यांच्या तळघरात जात होतो. आम्ही सात-आठ जण असू. पहिलं वर्षभर मला तलवार हातातसुद्धा धरू दिली नाही, नुसती बघायची. दुसऱ्या वर्षी पात्यावरचं जुनं तेल पुसून नवं लावायला मिळालं. ते तेल लवंगेचं असतं, आणि डॉक्टरांच्या हातांनाही लवंगेचा वास असायचा, त्यामुळे मला वर्षभर वाटत होतं की तळघरात दवाखानाच आहे. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "आता कॅमेरा आण." पहिल्या चारशे फोटोंत फक्त दिव्याचं प्रतिबिंब आणि माझं नाक आलं. पात्याच्या धारेलगत पाण्याची लाट गोठल्यासारखी एक पांढुरकी रेघ असते, ती फोटोत पकडायला मला दीड वर्ष लागलं. काळं कापड, एकच दिवा, आणि दिवा कुठे ठेवायचा याची चिकाटी. बाकी काही लागत नाही.

आता मुद्द्याचं. मुठीच्या आत पात्याचा जो भाग लपलेला असतो त्याला नाकागो म्हणतात. त्यावर लोहाराचं नाव कोरलेलं असतं आणि त्यावर गंज चढलेला असतो. तो गंज कोणी, कधी, काढायचा नाही. गंजाच्या रंगावरून तलवारीचं वय कळतं. तो तिचा जन्मदाखला. डॉक्टरांचा पहिला नियमच होता की नाकागोला बोटही लावायचं नाही. या तलवारीचा गंज चारशे वर्षांचा, खजुराच्या बीसारखा गडद. त्याचा मी काढलेला फोटो आमच्या मंडळाच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर आला होता. त्यावर माझा बारा पानी लेख होता. डॉक्टरांचा संग्रह आता इथलं एक छोटं संग्रहालय घेतंय, १२ डिसेंबरला प्रदर्शन आहे, त्याच्या फोटोंसाठी डॉक्टरांच्या पत्नी फ्राऊ लिंडनरनी विश्वासाने ती तलवार माझ्या घरी दिली होती.

आणि मी खंडेनवमीला संध्याकाळी सहा वाजता कामावरून आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाट, पाटावर तलवार, मूठ बाजूला काढलेली, आणि नाकागो नव्या स्टीलच्या वाटीसारखा लखलखीत. कोरलेल्या नावात कुंकू भरलेलं. भोवती बाउमार्क्टच्या दुकानातून आणलेला झेंडू. बेसिनमध्ये चिंचेचा काळा चोथा. तोंडातून काय निघालं ते मला धड आठवत नाही. तलवारीला हात लावू नका असं मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, एवढं आठवतं.

तुम्ही ज्या कागदावर सही केलीत तो नुसता विम्याचा कागद आहे. इथे प्रत्येकाची हाफ्टफ्लिश्ट असते, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी बघते. औपचारिक असतं ते. त्याचा विचार करू नका.

फ्राऊ लिंडनरना मी अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी जायचंय.

दिवाळीला तरी फोन उचला. माझ्यासाठी नको, ज्ञानदासाठी.

आपला
हृषिकेश


कार्ल्सरूहे
रविवार, २६ ऑक्टोबर

ती. स्व. अप्पा,

दिवाळीतही तुम्ही फोन उचलला नाहीत. पण आज मी रागावून लिहीत नाहीये. फ्राऊ लिंडनरकडून आत्ताच आलो, बूटसुद्धा काढले नाहीत.

तलवार कापडात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सांगून टाकलं. माझे सासरे आले होते, कोल्हापूरला लेथवर काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं आणि यंत्रं घासूनपुसून पूजा करतात, त्यांनी भक्तीने केलं. माझी मान खाली. त्यांनी चष्मा लावला, नाकागो खिडकीकडे धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान स्वच्छ केलंय."

मला वाटलं धक्क्याने त्यांचं काहीतरी झालं. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला त्यांना?"

"एक दुपार."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "दोन हिवाळे लागले होते चढवायला." आणि उठून तळघरात गेल्या.

वर आल्या त्या बुटांचं एक खोकं घेऊन. अप्पा, त्या खोक्यात लोखंडाच्या एकोणीस पट्ट्या होत्या. प्रत्येकीचा तपकिरी रंग वेगळा. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांचं ते बारीक, सुरेख अक्षर: मीठ किती, व्हिनेगर किती, चहाचं पाणी किती दिवस, बागेतल्या मातीत किती आठवडे. खाली तांब्याचा एक पत्रा, त्यावर तेच जपानी नाव तीसेक वेळा कोरून गिरवलेलं. शाळेत आपण 'श्री' गिरवतो तसं. सोबत दात कोरायची दोन हत्यारं.

तलवार जुनीच आहे. पण ती बिननावाची होती. नाव डॉक्टरांनी कोरलं, आणि ताजं कोरलेलं दिसू नये म्हणून वरून गंज चढवला. आम्हाला सांगायचे की हांबुर्गच्या एका जहाजाच्या कप्तानाच्या घरून आली. आम्ही सात-आठ शहाणे माना डोलवायचो.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी त्याच्याशी बेचाळीस वर्षं संसार केला, हेर हृषिकेश. जेवायला बसला की हाताला व्हिनेगरचा वास यायचा."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

"आधी तो जिवंत होता म्हणून. मग तो गेला म्हणून."

त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मला कॉफी दिली, केक दिला. तो मी खाल्ला, आणि काय खातोय ते मला कळत नव्हतं.

अप्पा, मी पगार कशाचा घेतो? गंजाचा. माझ्या प्रयोगशाळेत मिठाच्या धुक्याची पेटी आहे, गाडीचे सुटे भाग तिच्यात ठेवून आम्ही पाच वर्षांचा गंज पाच आठवड्यांत चढवतो. खोटा गंज करणं हा माझा धंदा आहे, आणि खोट्या गंजावर मी बारा पानं लिहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बोट लावायचं नाही हा नियम आम्ही सोवळ्यासारखा पाळला. भिंगातून बघितलं, लेन्समधून बघितलं, चारशे वर्षांचा गंज चिंचेच्या कोळाने एका दुपारी निघतो का, एवढा साधा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. कारण चिंच लावायचं पाप कोण करणार?

तुम्ही केलंत. आणि आता मला वाटायला लागलंय की तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. चव्वेचाळीस वर्षं लोखंडात हात घातलेला माणूस तुम्ही. बोटाखाली लगेच कळलं असणार आणि मी ओरडत होतो म्हणून तुम्ही गप्प बसलात.

फ्राऊ लिंडनर दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "प्रदर्शनात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं वय झालं ठरवायचं." आणि मग, "तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा."

तो सांगितला. मी अजून काही ठरवलेलं नाही. तूर्त हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. वर्कशॉपमध्ये सिद्धेशला वगैरे बोलू नका. माझं या मंडळात नाव आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणजे विचार करून बोललं पाहिजे.

हृषिकेश


कार्ल्सरूहे
रविवार, ९ नोव्हेंबर

अप्पा,

काल मी सिद्धेशला फोन केला. तुमची खुशाली कळावी म्हणून. उद्यमनगरातला तुमचा वर्कशॉप तुम्ही त्याच्या हाती दिलात तरी रोज दहा ते एक तिथे असता, अवघड जॉब तुम्हीच काढता, हे मला ठाऊक होतं. सिद्धेश म्हणाला, "कुठलं हो! जर्मनीस्नं आल्यापास्नं काकांनी मशीनला हात लावलेला न्हाई. मायक्रोमीटर पेटीत घालून माझ्या ताब्यात दिला. इचारलं तर म्हणत्यात, 'मी सही करून आलोय बाबा, डोकं ठिकाणावर न्हाई म्हणून. अशा माणसानं चालत्या मशीनजवळ उभारू नये. कुणाचा तरी हात जाईल.'"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. ज्ञानदा म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." तनया तिथेच पाव खात होती. तिने वर न बघता जर्मनमध्ये सांगितलं की तो कागद आजोबांना तिने वाचून दाखवला होता. सहीच्या आधी. आजोबांनी विचारलं होतं, म्हणून. 'फेरविर्ट'ला मराठीत काय म्हणतात ते तिला येईना, म्हणून तिने कपाळापाशी बोट फिरवून दाखवलं. आजोबा "बरं" म्हणाले आणि पेन मागितलं.

ज्ञानदाने विचारलं, "कसला कागद? काय होतं त्यात?"

अप्पा, मी समजत होतो की तुम्ही न वाचता सही केलीत. त्या समजुतीवर मी महिनाभर झोपलो. आता कबूल करतो, आणि तुमच्या मुलीलाही काल कबूल केलं. माझ्या पॉलिसीत पाहुण्याने केलेलं असलं नुकसान बसत नव्हतं. पण लहान मूल किंवा वयोमानाने भ्रमिष्ट झालेलं माणूस असेल तर त्याचं वेगळं कलम आहे, त्यात बसत होतं. म्हणून मी लिहिलं, 'माझे सासरे वयोमानामुळे भ्रमिष्ट झाले असून आपण काय करतो याचं त्यांना भान नव्हतं.' दोन ओळी. रात्रीच्या जेवणाआधी लिहून मोकळा झालो. मला वाटलं, जर्मन कागद, जर्मन फाइल, कोल्हापुरात कोणाला कळणार?

आणखी एक. तुम्हाला हात लावू नका असं मी सांगितलंच नव्हतं. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणालात, "जावईबापू, उद्या खंडेनवमी. घरात शस्त्र हाय, आणि न पुसता ठेवायचं बरं न्हवं. पूजा करू का?" मी स्क्रीनवर फोटो बघत होतो. वळलोही नाही. "करा की," म्हणालो. मूठ मीच उतरवून ठेवली होती, दुसऱ्या दिवशीच्या फोटोसाठी. तुम्ही परवानगी घेऊन, आंघोळ करून, एकटे ट्राम पकडून झेंडू आणून पूजा केलीत. आणि मी घरी येऊन तुम्हाला अडाणी म्हणालो. तुमच्या वर्कशॉपची अक्कल माझ्या घरात चालवू नका म्हणालो. आठवत नाही असं लिहिलं होतं ना? सगळं आठवतंय.

ज्ञानदा माझ्याशी बोलत नाहीये. जेवण वाढते.

हृषिकेश


कार्ल्सरूहे
३० नोव्हेंबर

अप्पा,

कागद मागे घ्यायचा तर कंपनीला खरं काय ते कळवावं लागेल. भ्रमिष्ट नव्हते, तर मग गंज का काढला? पूजा म्हणून. नुकसान किती? काहीच नाही, कारण गंजच खोटा. म्हणजे तलवारीचं बिंग फुटणार, डॉक्टरांचं फुटणार, माझ्या बारा पानांचं फुटणार. प्रदर्शन बारा दिवसांवर आलंय. निमंत्रणपत्रिका गेल्या. नाकागोचा माझा जुना फोटो दोन मीटर उंच छापून दारातच लावणार आहेत.

एवढं प्रदर्शन होऊ द्या. मग जानेवारीत मी सगळं निस्तरतो. तोवर तुम्ही मशीनवर जायला लागा, त्या कागदाला काडीचा अर्थ नाही, मी सांगतो ना.

हे पत्र ज्ञानदाला दाखवलं. तिने वाचलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मेलेल्या गुरूची अब्रू झाकायला जिवंत बापाला वेडा ठरवलास. पाठव हे पत्र. अप्पांना कळू दे त्यांनी मुलगी कुणाला दिली."

पाठवतोय.

हृषिकेश


कार्ल्सरूहे
शनिवार, १३ डिसेंबर

ती. स्व. अप्पा,

काल प्रदर्शन उघडलं.

मी सगळं ठरवून गेलो होतो. पाच मिनिटं बोलायचं होतं, नाकागोचा फोटो कसा काढावा यावर. दिवा खाली, डावीकडून, कोरलेल्या रेघांत सावली पडेल असा. भाषण पाठ केलं होतं. गाडीत तनया मागे बसली होती. ज्ञानदा तिला म्हणाली असेल काहीतरी, किंवा तिने भांडणं ऐकून स्वतःच जोडलं असेल. सिग्नलला थांबलो तर म्हणाली, "पापा, बिस्ट डू आउख फेरविर्ट?" तूपण भ्रमिष्ट झालायस का? टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की मोठी माणसं चुकीचं काही करतात तेव्हा ती भ्रमिष्ट असतात आणि तसा कागद करतात. माझा कागद कधी करायचा, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी गाडी चालवत राहिलो. दुसरं काय करणार?

साठेक माणसं होती. मंडळाच्या अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, या फोटोने आम्हाला गंज बघायला शिकवलं म्हणाले. टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो, मागे दोन मीटरचा तो गंज. मी दिव्याबद्दल दोन वाक्यं बोललो. पाणी प्यालो. मग म्हणालो, "हा गंज खोटा आहे. नाव खोटं आहे. मी सहा वर्षं बघत होतो आणि मला कळलं नाही. माझ्या सासऱ्यांनी खंडेनवमीला तो चिंचेने घासून काढला तेव्हा उघड झालं, आणि मी त्यांना वेडं ठरवलं."

कोणीतरी हसलं. त्याला विनोद वाटला. मग कोणीच हसेना. अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते की मी भर मांडवात कपडे काढलेत. आणि मग पहिल्या रांगेतून फ्राऊ लिंडनर उठल्या, काठी टेकत आल्या, आणि ते बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं. झाकण काढलं. म्हणाल्या, "बघा. हात लावून बघितलंत तरी चालेल."

डॉक्टरांचा एक जुना मित्र रडायला लागला. दुसरा माझ्या तोंडावर म्हणाला की तू हे मेलेल्या माणसाशी केलंस. तोही खोटं बोलत नव्हता. आज सकाळी मंडळाचा ई-मेल आला, माझा लेख मागे घेतलाय आणि पुढच्या शनिवारपासून मी आलो नाही तर बरं. दारातला फोटो रात्रीच उतरवला. अप्पा, मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. त्या तळघरासारखी जागा मला पुन्हा मिळणार नाही. पण आज सकाळी ज्ञानदाने माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसून स्वतःचाही प्याली.

विमा कंपनीलाही आज कळवलं. कागद मागे घ्यायला तुमची सही लागते. सोबत नवा कागद जोडला आहे. जर्मन मजकुराच्या खाली त्याचं मराठी मी हाताने लिहिलंय, आधी ते वाचा. ते असं:

'श्री. विष्णू गणपती पोवार हे १ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्ण भानावर होते व आजही आहेत. तलवार हातात घेताच तिच्यावरचा गंज बनावट असल्याचं त्यांच्या अनुभवी हाताने ओळखलं व म्हणून त्यांनी तो काढला. आधीच्या कागदातील मजकूर खोटा असून तो मी, त्यांच्या जावयाने, स्वतःच्या सोयीसाठी लिहिला होता.'

सही करा, आणि सिद्धेशकडून तुमचा मायक्रोमीटर परत घ्या. क्षमा मागायला मी फेब्रुवारीत स्वतः येतोय, तिकीट काढलंय. दार उघडलं नाहीत तरी येणार.

आपला
हृषिकेश


कोल्हापूर
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. हृषिकेशराव यांस
अनेक आशीर्वाद.

तुमची पाचही पत्रं पोचली. नवा कागद काल आला. तीन वेळा वाचला. सही केलेली नाही. कारण खाली देतो.

दुसरी ओळ खोटी आहे. मी काही ओळखलं नव्हतं. मी जन्मभर नवं लोखंड कापलं. चारशे वर्षांचा गंज मी आयुष्यात बघितलेला नाही, तर खरा कुठला आणि खोटा कुठला हे मला काय कळणार? गंज पटकन निघाला तेव्हा मला वाटलं, तिकडची चिंच चांगली दिसते. एवढंच वाटलं. शस्त्राला गंज ठेवू नये म्हणून काढला.

तुम्ही आलात आणि तुमचा चेहरा बघितला तेव्हा मला कळलं की माझ्या हातून मोठी चूक झाली. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातून जॉब बिघडले, पण पुन्हा करता येणार नाही असा एकही बिघडला नव्हता. तुम्ही अडाणी म्हणालात ते मला लागलं, पण खोटं वाटलं नाही. मग तनयानं कागद वाचला आणि कपाळाला बोट लावून दाखवलं. मी म्हटलं, जावई शिकलेले आहेत, त्यांना आपल्यात काहीतरी दिसलं असेल, आपल्याला तोंडावर सांगवत नाही म्हणून कागदावर लिहिलं. ज्ञानदाच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, शेवटी तसंच झालं होतं, ज्ञानदाच्या आईनं ते सगळं काढलं. म्हणून सही केली. तुमच्यावर उपकार म्हणून केली नाही. तसा गैरसमज ठेवू नका. मला ते खरं वाटलं होतं.

इथं आल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी बोल्टच्या आट्यांचा तक्ता म्हणतो, कुठल्या जाडीला किती मिलिमीटर अंतर तो. सहाला एक, आठला सव्वा, दहाला दीड, बाराला पावणेदोन, असा चोवीसपर्यंत. एकदाही चुकलो नाही. पण भ्रमिष्ट माणसाला आपण चुकलो हे कळत नसतं. म्हणून सिद्धेशला वर्कशॉप उघडायच्या आधी घरी बोलवायचो. तो छापील तक्ता हातात धरून बसायचा आणि मी म्हणायचो. पंच्याऐंशी दिवस. तुम्हाला सांगू नको असं मीच त्याला बजावलं होतं. दिवाळीत ज्ञानदाचा फोन उचलला नाही तोही याचमुळे. बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असतं तर पोरगी घाबरली असती.

तुमचं दुसरं पत्र आलं त्यात मला तेव्हाच कळलं असणार असं होतं. तेव्हा मी जास्त घाबरलो. कारण मला तसं काही कळल्याचं आठवत नव्हतं.

तेव्हा दुसरी ओळ काढा. नसलेलं नाव माझ्यावर कोरू नका. पहिली ओळ आणि तिसरी ओळ ठेवा, त्या बरोबर आहेत. कागद नव्यानं लिहून पाठवा, मग सही करतो. त्या बाईंना माझा नमस्कार कळवा. तुम्ही फेब्रुवारीत या, दार उघडंच असतं.

आधीच्या कागदावर माझी सही अजून आहे. नवा येईपर्यंत मला तीच धरून चालावं लागेल. सिद्धेशकडे एक शाफ्ट तसाच पडून आहे, त्यासाठी सिद्धेश मला बोलावतोय, आणि मी नाही म्हणतोय. लवकर पाठवा.

विष्णू गणपती पोवार